सांत्वनाला आलेल्या बाई

बाळाच्या एका पायात मोजा चढला होता आणि दुसरा तिनं दातांत धरला होता, तेवढ्यात बेल वाजली. तिनं बाळाला गादीच्या मधोमध सरकवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, तोंडातला मोजा हातात घेतला आणि दार उघडलं.

दारात भिंगरीच्या वर्गाच्या बाई होत्या. शाळा सुरू झाली त्या दिवशी तिनं त्यांना लांबून पाहिलं होतं, त्यामुळे ओळख पटायला क्षणभर लागला. पंचवीस-सव्वीसची मुलगी, जिना चढून आल्यामुळे धाप लागलेली. एका हातात पांढऱ्या फुलांचा लहानसा गुच्छ आणि काखेत दुमडलेला मोठा पुठ्ठा.

"भिंगरीची आई ना तुम्ही?" बाईंनी विचारलं. हजेरीपट सोडला तर शाळेतही तिला सगळे भिंगरीच म्हणत.

"हो. ती खाली खेळतेय. काही केलं का तिनं?"

बाईंची नजर तिच्या हातातल्या मोज्यावर गेली होती. अंगठ्याएवढा, पिवळा मोजा. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मोज्यासकट तिचा हात आपल्या हातात घेतला.

"जे झालं ते कुणाच्याच हातात नसतं," बाई म्हणाल्या. पाठ करून आल्या असाव्यात, कारण पुढचं त्यांना आठवेना. "तुम्ही... तुम्ही स्वतःला सांभाळा. भिंगरीसाठी तरी."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कुठल्या तरी इमारतीच्या आठव्या मजल्यावर, लिफ्टच्या त्या काळोख्या विहिरीत, पट्ट्याला लटकून काम करायचा. दुपारी जेवताना एक फोन करायची त्याची सवय होती. आज फोन आला नव्हता.

"कोण?" तिनं विचारलं. "कोण गेलं?"

बाई गोंधळल्या. त्याच वेळी आतून, आपल्याला एका मोज्यावर सोडून सगळे कुठे गायब झाले याचा जाब विचारावा तसा बाळानं टाहो फोडला.

दोघी दारातच उभ्या राहिल्या. बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा आत.

"ते कोण रडतंय?"

"आमचं बाळ."

"दुसरं?"

"दुसरंच. पहिली भिंगरी."

बाईंनी दाराच्या चौकटीचा आधार घेतला. "अगं बाई गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यातली बाई जाऊन नुसती एक घाबरलेली मुलगी उरली. "मग ते गेलेलं बाळ कुठलं?"

*

पाण्याचा अख्खा ग्लास संपल्यावर बाईंना सलग बोलता आलं. सोमवारी पहिल्याच तासाला भिंगरी त्यांच्या टेबलापाशी आली होती आणि म्हणाली होती, आमचं बाळ गेलं. कुठे गेलं, असं बाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, हॉस्पिटलमध्ये. त्यांनी तिला जवळ घेतलं. मुलांनी विचारलं तेव्हा मुलांना सांगितलं, भिंगरीशी सगळ्यांनी चांगलं वागायचं. मुलं इतकी चांगली वागली की विचारू नका. खिडकीजवळची जागा तिला दिली. झोपाळ्यावर पहिला नंबर तिचा. एकानं तर आपलं नवंकोरं खोडरबर तिच्या दप्तरात टाकलं.

"मला फोन करावासा वाटत होता," बाई म्हणाल्या. "पण असलं फोनवर कसं विचारायचं? म्हटलं, प्रत्यक्षच जावं. दोन दिवस काय बोलायचं त्याची तयारी करत होते. माझं हे पहिलंच वर्ष आहे हो."

ती मांडीवरच्या बाळाच्या पायात दुसरा मोजा चढवत होती. तो काही केल्या चढेना. दातांच्या लॅबमध्ये कामाला असताना, डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरून दाढेचा एकेक खळगा ती केसाचाही फरक न पडू देता कोरायची. सात आठवड्यांच्या रजेत तिची ती बोटं कुणी काढून नेली होती, कोण जाणे.

"तिला माहीत नाही याचा अर्थ," ती म्हणाली. "तिला... म्हणजे तिच्या डोक्यात दुसरंच काही असेल."

"मी रागावले नाहीये." बाईंनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. "फक्त उद्या वर्गाला काय सांगू ते मला कळत नाही. एकतीस मुलांनी चित्रं काढलीत. खोटं बोलली म्हणून सांगितलं तर मुलं तिला सोडणार नाहीत."

"मला आजची संध्याकाळ द्या."

निघताना बाईंनी बाळाच्या गालाला एका बोटानं हात लावला. खरंच आहे ना, हे बघत असाव्यात. फुलं परत न्यावीत की ठेवावीत, हे दोघींनाही सुचेना. शेवटी ती फुलं चपलांच्या कपाटावर तशीच राहिली.

*

भिंगरी मधल्या जिन्यावर बसली होती. बाईंना जाताना तिनं पाहिलं होतं, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. सहा वर्षांची ती पाठ इतकी ताठ होती की जणू परीक्षेलाच बसली असावी.

आई बाळाला खांद्यावर टाकून एकेक पायरी उतरली. टाके अजून ओढत होते. ती शेजारी बसली. जिन्यात कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

"बाई रागावल्या?" भिंगरीनं विचारलं.

"नाही."

"रडल्या?"

"थोड्या."

"सोमवारी पण रडल्या होत्या. मला वाटलं, त्यांना आपलं बाळ हवं होतं."

आईला हसू फुटणार होतं, पण ते मध्येच अडलं. "भिंगरी, तू बाईंना असं का सांगितलंस, बाळ गेलं म्हणून?"

भिंगरी पायरीवरचा एक खडा बोटानं इकडून तिकडे सरकवत राहिली.

"तूच म्हणालीस ना."

"मी? मी कधी म्हणाले?"

"मावशीला. बाथरूममध्ये. नळ सोडून."

शनिवारची दुपार. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं होतं. बाळ तीन तास रडत होतं आणि मग अचानक, जणू बटण बंद केल्यासारखं झोपलं होतं. तेव्हा तिनं बाथरूममध्ये जाऊन बहिणीला फोन लावला होता. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला होता. काय काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. एवढं मात्र लख्ख आठवत होतं, की ती म्हणाली होती, नाही गं झेपत मला, वाटतं की याला घ्यावं आणि हॉस्पिटलात परत नेऊन द्यावं. बहीण पलीकडून हसली होती. मग तीही हसली होती. नंतर तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा भिंगरी टेबलापाशी शहाण्यासारखी दूध पीत बसली होती. एकही थेंब न सांडता.

"मी नुसतं बोलले गं," आई म्हणाली. "तसं खरंच करायचं नव्हतं."

"तू रडत होतीस पण."

"हो."

"म्हणून मी बाईंना आधीच सांगून ठेवलं. नंतर सगळे विचारत बसतात."

भिंगरीचा खडा पायरीवरून खाली पडला. टक, टक, टक करत तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. तो थांबेपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.

"मी त्रास देत नाही ना आता?" भिंगरीनं विचारलं.

तिनं हे इतक्या सहज विचारलं की आईला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. गेले पाच दिवस ही पोर ताटातलं सगळं संपवत होती. न सांगता दप्तर भरत होती. टीव्ही लाव म्हणत नव्हती. परवा गुडघा फुटला तर स्वतःच धुऊन त्यावर पट्टी चिकटवून आली होती. शेजारपाजारचे म्हणत होते, ताई झाल्यापासून भिंगरी किती शहाणी झाली! तीही म्हणत होती. बहिणीला फोनवर कौतुकानं सांगत होती. पोर घरात पाहुण्यासारखी वागत होती आणि ती त्याला शहाणपण म्हणत होती.

"नाही गं," ती म्हणाली, आणि हे उत्तर बरोबर नाही हे म्हणता म्हणताच तिला कळलं. तिनं मोकळ्या हातानं भिंगरीला ओढून घेतलं. भिंगरी ओढली गेली, पण अंग ताठच ठेवलं, बाळाला धक्का लागू नये म्हणून.

*

नवरा दिवेलागणीला आला. दुपारी फोन का केला नाहीस, म्हणून ती त्याच्यावर अशी उखडली की तो बूट हातात घेऊन दारातच थांबला.

"बॅटरी संपली होती. दोन म्हातारे अडकले होते लिफ्टमध्ये. त्यांना काढता काढता दुपार गेली." मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणाला, "काय झालं? साहेबांनी जास्त छळलं का?" बाळाला तो साहेब म्हणायचा. साहेब उठले, साहेबांची फाईल ओली झाली, असं त्याचं चालायचं.

तिनं सगळं सांगितलं. बाई आल्या इथपर्यंत तो गंभीर होता. "मग ते गेलेलं बाळ कुठलं?" ऐकल्यावर मात्र त्याला असं हसू फुटलं की तोंडावर टॉवेल दाबून घ्यावा लागला. ती हसेना, तसा तोही थांबला. मग तिनं नळाचं सांगितलं, आणि जिन्यावरचं.

तो बराच वेळ नखांतलं ग्रीस काढत बसला.

"मी बोलू तिच्याशी?"

"नको. बोलले मी आहे. निस्तरायचं पण मलाच."

"काय सांगशील वर्गात? गैरसमज झाला म्हण. पोरंच ती, दोन दिवसांत विसरतील."

"पोरं विसरतील. ही नाही विसरणार."

त्यानं तो पुठ्ठा ओढून घेतला आणि उघडला. एकतीस चित्रं दाटीवाटीनं चिकटवलेली होती. बहुतेकांनी फुलं काढली होती, कारण बाईंनी तसं सांगितलं असावं. एकानं मात्र विमान काढलं होतं. खिडकीतून एक टकलं बाळ हात हलवत होतं आणि खाली लिहिलं होतं, टाटा. दुसऱ्या एकीनं भिंगरीला आणि स्वतःला झोपाळ्यावर बसवलं होतं. दोघींचे पाय ढगांपर्यंत पोचले होते.

"या मुलांना कसं तोंड दाखवणार तू?" नवरा म्हणाला. पण विमानातल्या बाळावरून त्याचं बोट काही हलत नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळी ती भिंगरीबरोबर शाळेच्या फाटकाशी आली. बाळ पोटाशी बांधलेलं होतं. भिंगरीनं शेवटच्या वळणापर्यंत तिचा हात धरला होता, फाटक दिसताच सोडला.

"तू त्यांना सांगणार, मी खोटं बोलले?"

"नाही. तू खोटं बोललीच नाहीस."

भिंगरीनं वर बघितलं.

वर्गात एकतीस चेहरे एकदम वळले आणि एकदम गप्प झाले. बाईंनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. दातांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं टेबलाशी मान खाली घालून काम केलेलं. चारचौघांपुढे बोलायची तिला सवय नव्हती.

"मी भिंगरीची आई," ती म्हणाली. "आणि हे आमचं बाळ. हे कुठेच गेलेलं नाही."

"मग हे तेच आहे?" पहिल्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं.

"तेच."

"परत आलं?"

"गेलंच नव्हतं. ऐका हं. हे बाळ फार रडतं. शनिवारी तर इतकं रडलं, की मी पण रडायला लागले. आणि मी माझ्या बहिणीला म्हणाले, याला हॉस्पिटलमध्ये परत देऊन टाकावंसं वाटतं. ते भिंगरीनं ऐकलं. तिला वाटलं, आई देणार. म्हणून तिनं तुम्हाला सांगितलं. चूक तिची नाही. मी तसं बोलले होते."

वर्ग विचारात पडला. बाई खिडकीकडे बघत होत्या. भिंगरी तिच्या नव्या जागेवर, खिडकीशेजारी, बाकाची कड घट्ट धरून बसली होती.

मागून एका मुलीनं हात वर केला. "मावशी, तुम्हाला अजून वाटतं का, परत द्यावंसं?"

बाईंनी घाईनं त्या मुलीला खाली बसायची खूण केली. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि भिंगरी आता बाकाकडे बघत नव्हती.

आईनं बाळाच्या टाळूवर हात ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं.

"कधी कधी," ती म्हणाली. "पाचेक मिनिटं. मग जातं ते."

"माझी आई मला पण म्हणते!" पहिल्या बाकावरचा मुलगा ओरडला. "कुणाला तरी देऊन टाकते तुला, म्हणते."

"माझी पण!"

"माझे बाबा म्हणतात, तुला चुकून आणलं, बदलून आणायला हवं होतं!"

हात वर होत गेले. आठ, बारा, वीस. कुणाकुणाला देऊन टाकणार होते, याची वर्गात नुसती चढाओढ लागली. एकाला भंगारवाल्याला देणार होते, एकीला सर्कशीत. जिला कुणीच कधी देणार नव्हतं अशी एक मुलगी रडकुंडीला आली. बाईंनी डस्टर आपटलं, पण त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. मग बाळ बघायला रांग लागली. भिंगरीची आई दात करते, मग याच्या तोंडात एकही कसा नाही, अशी रीतसर तक्रारही झाली. बाळानं या सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि जांभई दिली. त्या जांभईचं वर्गाला फार कौतुक वाटलं.

खिडकीची जागा मात्र भिंगरीला सोडावी लागली. झोपाळ्याचा पहिला नंबरही. खोडरबर तिनं स्वतःहून परत केलं.

आई वर्गाबाहेर पडली. व्हरांड्यात चार पावलं गेली असेल-नसेल, मागून धावत्या पावलांचा आवाज आला.

"आई."

ती थांबली. भिंगरी दोन हात लांब उभी राहिली, एका पायावर भार देऊन. नजर बाळाच्या लोंबत्या पायांवर.

"माझ्या वेळी पण वाटायचं?"

तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं. सहा वर्षं ती तेच सांगत आली होती. भिंगरी म्हणजे गुणाचं बाळ, कधी आवाज म्हणून नाही. शेजाऱ्यांना सांगायची, भिंगरीलाही झोपताना सांगायची. इतक्यांदा सांगून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ती खाली बसली. टाके ओढले, तरी बसली.

"तुझ्या वेळी तर मी पिशवी भरली होती," ती म्हणाली.

"माझी? मला द्यायला?"

"नाही, माझी. मीच निघून जाणार होते. दोन कपडे टाकले, कंगवा टाकला, आणि पिशवी घेऊन दाराशी बसले. तू आत रडत होतीस. दुपारी एकपासून रडत होतीस, थांबायचं नाव नाही."

हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, बहिणीलाही नाही.

भिंगरी पुढे सरकली. "मग?"

"मग तुला उचलून घेतलं. म्हटलं, शेवटचं घ्यावं. तू माझ्या खांद्यावर झोपलीस. आणि मला पण तिथंच, दाराशी, झोप लागली. बाबा आले तेव्हा त्यांना दार उघडता येईना."

"आणि पिशवी?"

"दुसऱ्या दिवशी कंगवा लागला, तेव्हा काढली रिकामी करून."

भिंगरीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. आधी कपाळ सैल झालं, मग खांदे उतरले, आणि मग कितीतरी दिवसांनी आईला तिच्या गालावर ती जुनी, आगाऊ खळी दिसली.

"म्हणजे याच्यापेक्षा मी जास्त रडायचे?"

"पुष्कळ जास्त."

"तीन तासांपेक्षा?"

"तीन तास तू नुसता गळा साफ करायला घ्यायचीस."

त्यावर भिंगरीनं बाळाकडे पाहिलं. थोडं दयेनंच पाहिलं. मग वळली आणि वर्गाकडे पळत सुटली, व्हरांड्यात पळायचं नाही अशी पाटी होती, तिच्याच खालून.

आई भिंतीला धरून उठली. बाळाचा एक मोजा निघून पडला होता. तो वाकून उचलावा की जाऊ द्यावा, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात वर्गातून भिंगरीचा आवाज आला. बाईंचं शिकवणं चालू असताना, परवानगी न घेता, सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा.

"माझ्या वेळी आईनं पिशवी भरली होती!"

बाई तिला रागावल्या. भिंगरीनं उलट उत्तर दिलं.

आई व्हरांड्यात उभी राहून ते ऐकत होती.